देवाला द्यायचे शब्द : प्राचीन ग्रीक स्तोत्रांची काव्यरीती

(बरका, ओमान येथे मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचे मुद्रित रूप)

प्राचीन ग्रीक भाषेत देवाला उद्देशून गायिलेल्या गीताला ‘ह्युम्नोस’ म्हणत, आणि या प्रकारची जी गीते आज वाचायला मिळतात त्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकापासून इसवी सनाच्या पाचव्या शतकापर्यंत, म्हणजे सुमारे बाराशे वर्षांचा आहे. एवढ्या अवधीत ग्रीकांची राज्ये बुडाली, बोली बदलल्या, देवांविषयीच्या कल्पनाही पुष्कळ पालटल्या; स्तोत्र रचण्याची रीत मात्र नवल वाटावे इतकी टिकली. आजच्या वाचकाला ही रीत प्रथमदर्शनी अवघडल्यासारखी वाटते. सुरुवातीला नावे आणि विशेषणे यांची रास, मग कुठूनतरी उपटलेली एखादी कथा, आणि कथा ऐन रंगात असताना अचानक ‘बरे असो’ म्हणून घेतलेला निरोप व जाता जाता पुढे केलेली मागणी, असा या गीतांचा एकंदर आकार असतो. कागदावर वाचायच्या कवितेचे माप त्यांना लावले तर त्यातले अर्धेअधिक भाग फाफटपसारा ठरतील, आणि युरोपातल्या काही जुन्या टीकाकारांनी ते तसे ठरवलेही आहेत.

मराठी वाचकाने मात्र ही चूक करण्याचे कारण नाही, कारण त्याच्या घरात असा एक काव्यप्रकार रोज वापरात आहे जो वाचण्यासाठी रचलेलाच नाही. आरती ही हातात तबक असल्याशिवाय, टाळ वाजल्याशिवाय आणि समोर मूर्ती असल्याशिवाय पुरी होत नाही. तिच्यातले शब्द हे निरांजन, कापूर आणि नैवेद्य यांच्या पंक्तीतले, म्हणजे वाहायचे शब्द असतात. ग्रीक स्तोत्राचेही नेमके तसेच आहे. ग्रीकांकडे यासाठी ‘आगाल्मा’ असा शब्द होता. ज्या वस्तूने देवाला आनंद होतो ती वस्तू, असा त्याचा मूळ अर्थ असून पुढे तो देवाच्या मूर्तीसाठी रूढ झाला. स्तोत्र हे असेच एक आगाल्मा मानले, म्हणजे देवाविषयी केलेले विधान न मानता देवाला दिलेली वस्तू मानले, की त्याच्या रचनेतील प्रत्येक खटकणारी गोष्ट जागच्या जागी बसते, हेच या व्याख्यानाचे प्रतिपाद्य आहे.

वस्तूंचा उल्लेख आलाच आहे, तर ज्या भूमीवर हा विषय मांडला जात आहे तिचा या स्तोत्रांशी असलेला संबंध आधी सांगणे उचित होईल. बरका हे बातिना किनाऱ्यावरचे गाव. समुद्राला लागून उभा असलेला किल्ला, मासळीबाजार आणि हलवा यांसाठी ते ओळखले जाते. तेथील बाजारात पोत्यांतून आणि बरण्यांतून विकायला ठेवलेला ‘लुबान’ हा ओमानच्या दक्षिण टोकाच्या धोफार प्रदेशातून येतो. बॉसवेलिया सॅक्रा या काटक झाडाच्या सालीला चरा पाडला असता जो पांढरा चीक झरतो तो काही दिवसांत वाळून त्याचे थेंबासारखे खडे होतात, आणि त्यांतले किंचित हिरवट झाक असलेले, ‘हौजरी’ या नावाने विकले जाणारे खडे सर्वांत उत्तम समजले जातात. अरबी लुबान आणि ग्रीक ‘लिबानोस’ हे शब्द एकाच सेमिटिक धातूपासून आले असून त्या धातूचा अर्थ ‘पांढरा’ असा आहे. मराठीतला लोबान हा त्याच कुळातला. फक्त महाराष्ट्रात लोबान किंवा ऊद म्हणून धुपाटण्यात पडणारी वस्तू पुष्कळदा धोफारची नसते. ती अतिपूर्वेकडून येणारी वेगळी राळ असते, जिला अरबांनी ‘लुबान जावी’, म्हणजे जावा बेटाकडचा लोबान, असे नाव दिले होते. धोफारच्या झाडाचा सख्खा भाऊ शोभेल असा वृक्ष महाराष्ट्रातही आहे. सातपुड्यात आणि विदर्भातील डोंगरांवर वाढणारी सालई ती हीच, पण तिला ही प्रतिष्ठा लाभली नाही.

होमरच्या महाकाव्यांत लोबान नाही. तेथे यज्ञाचा धूर आहे, सुगंधी लाकूड आहे, अरबस्तानचा डिंक नाही. ग्रीक काव्यात तो पहिल्यांदा दिसतो तो सॅफो या कवयित्रीच्या गीतांत, इसवी सनापूर्वी ६०० च्या आसपास, आणि त्यांतले एक गीत तर ॲफ्रोडायटी देवीला आपल्या राईतल्या देवळात बोलावणारे आवाहनस्तोत्रच आहे. पुढे हिरोडोटसच्या इतिहासात अरब लोक इराणच्या दरयुश राजाला दरवर्षी १००० टॅलंट वजनाचा लोबान देत असल्याची नोंद येते, आणि त्या झाडांचे राखण पंख असलेले साप करतात, अशी एक खास व्यापाऱ्यांनी पसरवलेली वाटावी अशी बातमीही येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयनग्रंथात तर धोफार किनाऱ्यावरचे मोश्खा बंदर आणि कोकणातील कल्याण व सोपारा ही एकाच पुस्तकाच्या पानांवर भेटतात. वारे फिरेपर्यंत मोश्खाला थांबलेली भरुचकडची जहाजे तेथल्या राजाच्या कारभाऱ्यांना कापड, धान्य आणि तिळाचे तेल देऊन बदल्यात लोबान घेत, असे त्या ग्रंथकाराने लिहिले आहे.

हा लोबान स्तोत्राच्या रचनेत शब्दशः शिरला तो ‘ऑर्फिक स्तोत्रे’ या संग्रहात. ऑर्फियस या पौराणिक गायकाच्या नावावर असलेली ही ८७ स्तोत्रे बहुधा आशिया मायनरमधील एका छोट्या उपासकमंडळाने इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास वापरात आणली. त्यांतील बहुतेकांच्या माथ्यावर देवाच्या नावाखाली कोणता धूप जाळायचा याची सूचना दिलेली असते. सूर्याला लोबानाची कणी, हर्मीसला लोबानाचे खडे, समुद्रदेव पोसायडनला बोळ, डायोनायससला स्टोरॅक्स नावाची राळ, रात्रीला मशाली. पृथ्वीला मात्र धूप नको, तिला वाल-पावट्याच्या जातीचे दाणे वगळून कोणतेही बी वाहावे. एका ठिकाणी तर लोबान सोडून बाकी सर्व धूप चालतील आणि सोबत दुधाचे अर्घ्य द्यावे, असा अपवादही नोंदवला आहे. श्रावणातल्या पूजेची यादी हाताळलेल्या कोणाही मराठी माणसाला, अमुक देवाला तुळस चालत नाही आणि तमुकाला केतकी चालत नाही हे ठाऊक असलेल्या माणसाला, या सूचना परक्या वाटणार नाहीत. संग्रहाचा क्रमही अर्थपूर्ण आहे: आरंभी प्रसूतीच्या वेळी धावून येणारी देवी आणि अगदी शेवटी मृत्यू.

या स्तोत्रांत कथा जवळजवळ नसते. वीस-पंचवीस ओळींचे स्तोत्र घेतले तर त्यातल्या बहुतांश ओळी विशेषणांनीच भरलेल्या असतात आणि वाक्य असे शेवटी एखादेच, ‘ये’ आणि ‘दे’ एवढ्यापुरते. विशेषणेही साधी नव्हेत. दोन-तीन शब्द जोडून केलेली, पूर्वी कोणी न वापरलेली, संस्कृत स्तोत्रकारांच्या सामासिक पदांची आठवण करून देणारी अशी ती असतात. नुसत्या अर्थासाठी वाचू गेल्यास ही यादी लवकर कंटाळवाणी होते. पण अंधारात, निखाऱ्यावर कणी पडून धूर उठत असताना, एकामागून एक नावे ठराविक लयीत उच्चारली जात आहेत असे समजून वाचले, तर लक्षात येते की येथे प्रत्येक नाव हे धुपाच्या कणीसारखे आहे; एक पडले, त्याचा दरवळ संपायच्या आत दुसरे पडले. सहस्रनामाचा पाठ ज्यांनी ऐकला आहे त्यांना हा परिणाम समजावून सांगण्याची गरज नाही.

नावांचा हा सोस केवळ शोभेचा नव्हता. ग्रीक देव ‘पॉलिऑनिमोस’, म्हणजे अनेक नावांचे. देवांचा राजा झ्यूस एकच, पण एका गावात तो पावसाचा, दुसऱ्यात पाहुण्यांचा राखणदार, तिसऱ्यात घराच्या कुंपणाचा रक्षक. चुकीच्या नावाने हाक मारली तर देव ऐकणार नाही, किंवा भलताच ऐकेल, ही काळजी खरी होती, म्हणून शक्य तेवढी नावे घ्यायची आणि वर ‘या नावाने तुला बोलावलेले आवडत असेल तर याने’ अशी पुस्ती जोडायची, अशी पद्धत पडली. येथे एक भाषिक बाबही लक्षात घेण्याजोगी आहे. प्राचीन ग्रीक भाषेत आदरार्थी बहुवचन नव्हते. राजा, गुलाम आणि देव या सर्वांना एकच ‘तू’. आदराचा सगळा भार त्यामुळे विशेषणांवर पडला. मराठीने आदरार्थी ‘तुम्ही’ हाताशी असूनही आरतीत देवाला ‘तू’च म्हटले, आणि तोच गणपती निघाला की त्याला पुढच्या वर्षी ‘लवकर ये’ न म्हणता ‘लवकर या’ म्हटले, हा आपल्या भाषेचा एक गोड विक्षिप्तपणा आहे.

ग्रीक स्तोत्राचे तीन भाग पाडण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन अभ्यासकांनी रूढ केली आणि ती आजही उपयोगी आहे. पहिला भाग आवाहनाचा, ज्यात देवाचे नाव, कूळ आणि आवडती ठिकाणे येतात. दुसरा स्तुतीचा, ज्यात त्याची सत्ता, स्वभाव किंवा पराक्रम सांगितला जातो. आणि तिसरा प्रार्थनेचा. पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याचा सांधा बहुधा ‘जो’ किंवा ‘जी’ या संबंधी सर्वनामाने जोडलेला असतो: अमुक देवीला गाऊ या, जिने अमुक केले, जिला तमुक आवडते. एडुआर्ड नॉर्डेन या विद्वानाने १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या शैलीचे बारीक पृथक्करण केले आणि तिचे दोन मुख्य प्रकार सांगितले. एकात देवाविषयी ‘तो’ म्हणून बोलले जाते, दुसऱ्यात ‘तू’ म्हणून, आणि या दुसऱ्या प्रकारात ‘तू’ हा शब्द वाक्यामागून वाक्याच्या आरंभी मुद्दाम परत परत आणला जातो. गणपती अथर्वशीर्ष ज्यांना पाठ आहे त्यांनी तेथील ‘त्वम्’ची आवर्तने आठवली की नॉर्डेनचे म्हणणे उदाहरणाशिवाय पटेल.

प्रार्थनेच्या भागातली युक्तिवादाची पद्धतही ठरलेली आहे. ‘पूर्वी दिले होतेस, म्हणून आताही दे’. ‘मी तुझ्या वेदीवर अमुक जाळले आहे, ते आठव’. ‘दिलेस तर पुन्हा गाईन’. याला कोणी व्यवहार म्हणेल, आणि तो आहेच. पण तो वाण्याच्या दुकानातला रोखीचा व्यवहार नाही. शेजारणीने ताटात काही पाठवले तर ते ताट रिकामे परत करायचे नसते, या जुन्या घरगुती नियमाच्या तो अधिक जवळ आहे. ग्रीक त्याला ‘खारिस’ म्हणत. देणाऱ्याचा प्रसाद, घेणाऱ्याची कृतज्ञता आणि देण्याघेण्यातला आनंद हे तिन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत. स्तोत्र संपवताना कवी देवाला ‘खायरे’ म्हणतो, ते क्रियापद त्याच कुळातले. त्याचा अर्थ ‘आनंदी हो’, आणि भेटताना व निरोप घेताना दोन्ही वेळा ग्रीक माणूस हाच शब्द वापरी. घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला एका शब्दात भेट आणि निरोप दोन्ही कसे राहतात हे वेगळे सांगायला नको.

कथात्मक स्तोत्रांचा मोठा ठेवा म्हणजे ‘होमरिक स्तोत्रे’. जुन्या काळी ती होमरच्या नावावर खपली, पण ती निरनिराळ्या कवींची असून त्यांतली मोठी स्तोत्रे बहुतांशी इसवी सनापूर्वी सातव्या व सहाव्या शतकांत रचली गेली. संख्या ३३, काही तीन-चार ओळींची, काही पाचशेच्या पुढची. त्यांच्या वृत्तात एका ओळीचे सहा चरण असून प्रत्येक चरण एक गुरू व दोन लघू, म्हणजे आपल्या छंदःशास्त्रातील भ गण. दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो, आणि शेवटचा चरण दोनच अक्षरांचा. शाळेत गण पाडलेल्या मराठी वाचकाला हे वृत्त इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळेल, कारण ते आघातावर नव्हे, अक्षराच्या लघुगुरुत्वावर चालते. इतिहासकार थ्युसिडिडीस याने अपोलोच्या स्तोत्राचा उल्लेख ‘प्रूइमिऑन’ असा केला आहे. प्रूइमिऑन म्हणजे मुख्य गायनापूर्वीचे गीत. महाकाव्य गाणारा गायक आधी देवाला वंदन करी आणि मग वीरांच्या कथेकडे वळे. तमाशातला गण आणि संगीत नाटकातली नांदी यांचे स्थान हेच आहे, आणि होमरिक स्तोत्रांच्या शेवटी ‘आता दुसऱ्या गाण्याकडे वळतो’ अशा अर्थाचे जे ठराविक वाक्य येते ते याच उपयोगामुळे.

डिमीटर या धान्यदेवतेचे ४९५ ओळींचे स्तोत्र ज्या एकमेव हस्तलिखितात टिकले ते १७७७ साली मॉस्कोत हाती लागले आणि १७८० मध्ये लायडन येथे प्रथम छापले गेले. ते हरवले असते तर ग्रीक धर्मकाव्यातील कदाचित सर्वांत मानवी कृती नाहीशी झाली असती. मुलगी फुले वेचत असताना पाताळाचा राजा तिला पळवून नेतो. आई मशाली घेऊन नऊ दिवस शोधत फिरते, देवांची सभा सोडते, आणि म्हातारीचे रूप घेऊन इल्युसिस गावाच्या विहिरीपाशी बसते. पाण्याला आलेल्या मुली तिची विचारपूस करून तिला घरी नेतात. घरधनीण द्राक्षारस पुढे करते, तो ती नाकारते, आणि जवाचे पीठ पाण्यात कालवून वर पुदिन्याच्या जातीची पाने घातलेले साधे पेय मागून घेते. पुढे घरातल्या तान्ह्या मुलाला अमर करण्यासाठी ती रात्री आगीत धरते, आई पाहून किंकाळी फोडते, देवी खरे रूप प्रकट करते, देऊळ बांधायला सांगते आणि त्यात एकटी बसून राहते. पृथ्वीवर पीक उगवत नाही, आणि अखेरीस झ्यूसला तडजोड करावी लागते.

हे स्तोत्र वाचताना मराठी मनाला ज्येष्ठागौरीची कहाणी आठवल्याशिवाय राहत नाही. तेथेही दारिद्र्याने गांजलेल्या ब्राह्मणाला तळ्याकाठी एक म्हातारी सवाष्ण भेटते, तो तिला घरी आणतो, ती घावन-घाटल्यासारखे साधेच जेवण करायला सांगते, आणि घर भरून गेल्यावर ती कोण हे कळते. कथेचा एका संस्कृतीकडून दुसरीकडे प्रवास झाला असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. तसा पुरावा नाही आणि त्याची जरुरीही नाही. साम्य आहे ते कथेच्या कामात. दोन्हीकडे पाण्याकाठी बसलेली अनोळखी म्हातारी घरात घेतली जाते, तिने मागितलेला पदार्थ पुढे उपासनेचा पदार्थ होतो, आणि कथा संपते ती व्रत कसे करायचे या सूचनेशी. इल्युसिसच्या गुप्त दीक्षाविधीत दीक्षार्थी जवाचे तेच पेय पीत. ‘कुठूनतरी उपटलेली कथा’ असे जे आरंभी म्हटले ती कथा म्हणजे विधीची सनद आहे. ती काढून टाकली तर पेय नुसते पेय राहील.

हर्मीसचे स्तोत्र याच्या अगदी उलट तबियतीचे, आणि ग्रीक स्तोत्रे गंभीरच असतात हा समज घालवायला ते एकटे पुरेसे आहे. सकाळी जन्मलेला हा देव पाळण्यातून उतरतो, उंबऱ्याबाहेर रांगणारे कासव पाहून हसतो, त्याचे कवच पोखरून त्याच्यावर आतड्याच्या सात तारा ओढतो आणि लायर या तंतुवाद्याचा जगातला पहिला नमुना तयार करतो. त्या वाद्यावर तो जे पहिले गाणे गातो ते त्याच्या स्वतःच्याच आईबापांच्या प्रीतीचे आणि आपल्या जन्माचे, म्हणजे स्वतःचेच स्तोत्र. संध्याकाळी तो भाऊ अपोलो याच्या ५० गाई चोरतो, त्यांना उलट्या पावली चालवतो, स्वतःच्या पायांना डहाळ्या बांधून माग पुसतो, आणि पहाटे कुलपाच्या भोकातून धुक्यासारखा घरात शिरून दुपट्यात गुरफटून झोपेचे सोंग घेतो. अपोलो त्याला पकडून बापापुढे उभा करतो तेव्हा ते बाळ शपथेवर खोटे बोलते आणि झ्यूस खदखदून हसतो. देवाची चोरी आणि लबाडी हीच येथे त्याची स्तुती आहे. गवळणींनी यशोदेकडे नेलेल्या तक्रारी ज्या समाजाने शतकानुशतके प्रेमाने गायिल्या, त्याला या विनोदात अधर्म दिसू नये. तक्रार हाही भक्तीचा एक प्रकार आहे हे एकनाथांच्या श्रोत्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

अपोलोच्या स्तोत्रात मध्येच कवी स्वतःविषयी बोलतो. तो खिओस बेटावर राहणारा आंधळा गायक असल्याचे सांगतो आणि डेलॉस बेटावरच्या मुलींनी आपली आठवण ठेवावी अशी विनंती करतो. अशा स्वनिर्देशाला ग्रीक काव्यशास्त्रात ‘स्फ्रागिस’ म्हणतात. स्फ्रागिस म्हणजे शिक्का, मोहोर. आणि मराठी संतकाव्यात कवीच्या अशाच नाममुद्रेला आपण ‘मुद्रा’ म्हणतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच रूपक उचलले. फरक एवढाच, की मराठी आरतीत आणि अभंगात मुद्रा ही जवळजवळ रीत झाली, तर ग्रीक स्तोत्रात ती विरळ राहिली. देवळातल्या गीताचा कर्ता बहुधा अनामिकच असे.

पुढच्या काळातील दोन कवींचा धावता उल्लेख पुरेल. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात कॅलिमॅकसने सहा स्तोत्रे लिहिली. ती अत्यंत विद्वत्तापूर्ण आणि कारागिरीने नटलेली आहेत, पण ती प्रत्यक्ष उत्सवात गायिली गेली की दरबारी रसिकांपुढे वाचली गेली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि वाचताना धुरापेक्षा शाईचा वास जास्त येतो हेही कबूल केले पाहिजे. त्याच शतकात अथेन्समध्ये रात्री बागांना पाणी वाहून पोट भरणारा आणि पुढे स्टोइक पंथाचा प्रमुख झालेला क्लिॲन्थीस याने झ्यूसचे जे छोटे स्तोत्र रचले त्यात मात्र जुनी चौकट शाबूत ठेवून आतला देव बदलला आहे. नावांची रास तीच, ‘तू’ची आवृत्ती तीच, शेवटची मागणी तीच, पण झ्यूस आता विश्व चालवणारी बुद्धी आहे, आणि मागणी पावसाची किंवा पुत्राची नसून माणसांना समज यावी अशी आहे. पसायदान रोज कानावर पडणाऱ्या वाचकाने हे स्तोत्र अनुवादातून का होईना एकदा वाचावे.

स्तोत्रे पुस्तकांपेक्षा दगडांवर जास्त प्रामाणिकपणे टिकली. आशिया मायनरमधील एरिथ्राई येथे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात आरोग्यदेव ॲस्क्लेपियस याचा एक ‘पायान’ कोरला गेला. पायान म्हणजे संकटनिवारणासाठी किंवा आभारासाठी समूहाने गायचे, ध्रुवपद असलेले गीत. हाच पायान पुढे शेकडो वर्षांनी अथेन्समध्ये, मॅसिडोनियातील डिऑन येथे आणि थेट इजिप्तमधील टॉलेमाइस या ग्रीक वसाहतीत कोरलेला सापडला आहे. गीत तेच, देव तोच. मात्र इजिप्तमधल्या प्रतीत शेवटी एक कडवे वाढवले असून त्यात नाईल नदीच्या पाण्याची मागणी केली आहे. घर सोडून दूर गेलेल्या माणसांनी आपले स्तोत्र बरोबर नेले आणि नव्या गावाची गरज त्यात जोडली, याची एवढी स्वच्छ नोंद दुसरीकडे क्वचितच मिळेल. परदेशात राहणाऱ्या समाजापुढे या दगडाविषयी अधिक बोलण्याची जरुरी नाही.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील मेनँडर या वक्तृत्वशास्त्रज्ञाच्या नावावर असलेल्या ग्रंथात स्तोत्रांचे प्रकार सांगितले आहेत: आवाहनाची, निरोपाची, देवाचे तत्त्व सांगणारी, कथा सांगणारी, वंशावळीची, कल्पित, मागणीची आणि संकट टळावे म्हणून केलेली. त्यातील निरोपाच्या स्तोत्रांची व्याख्या मराठी वाचकाने थांबून वाचावी अशी आहे. देव वर्षाचा काही काळ एका गावी आणि काही काळ दुसऱ्या गावी राहतात अशी श्रद्धा असल्यामुळे त्यांना निघताना गायची ही गीते. त्यांत देव सोडून चाललेल्या जागेचे आणि जाणार त्या जागेचे वर्णन करावे, आणि परत येण्याची विनंती अवश्य असावी. पुढे तो असा नियम सांगतो, की आवाहनाच्या स्तोत्रात वर्णन आटोपशीर असावे, कारण देव लवकरात लवकर यावा अशी इच्छा असते, आणि निरोपाच्या स्तोत्रात ते लांबवावे, कारण देवाने होता होईल तो उशिरा जावे असे वाटते. अलंकारशास्त्रावरच्या रुक्ष पाठ्यपुस्तकात असे वाक्य भेटावे हे विशेष आहे. अनंत चतुर्दशीला पाटावर ठेवलेली मूर्ती उचलण्याआधी ‘आणखी एक आरती होऊ द्या’ असे घरात कोणीतरी म्हणतेच, त्याचे शास्त्र मेनँडरने लिहून ठेवले आहे.

या सर्व स्तोत्रांचे शब्द आज उपलब्ध आहेत, चाली मात्र जवळजवळ सगळ्या गेल्या. अपवाद थोडे आहेत. त्यांतले दोन १८९३ साली डेल्फी येथे फ्रेंच उत्खननात हाती आले. अथेन्सच्या नागरिकांनी बांधलेल्या कोषागाराच्या भिंतीवर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेले ते अपोलोचे पायान. पाच मात्रांच्या, मुख्यतः गुरू-लघू-गुरू अशा, म्हणजे र गणाच्या चालीत ते बांधलेले आहेत, आणि प्रत्येक ओळीच्या वर बारीक अक्षरांत स्वरांच्या खुणा कोरल्या आहेत. १८९४ मध्ये पॅरिसला त्यांतले एक पुन्हा गायिले गेले, सुमारे दोन हजार वर्षांनी. कोणा एका पाथरवटाकडून शब्दांबरोबर खुणाही कोरून घेण्याचा खर्च कोणीतरी केला, म्हणूनच हे शक्य झाले.

आखाती देशांतल्या मराठी घरांत आरत्यांची पुस्तके आहेत, शब्द हरवण्याची भीती नाही. चालीचे तसे नाही. मालवणकडची, साताऱ्याची आणि वऱ्हाडातली चाल एकाच घरातल्या आरतीत एकमेकींना अडखळत असतात, आणि वडीलधारे गावी परतले की त्यांच्याबरोबर एकेक चाल निघून जाते. बरका आणि आसपासच्या गावांतील कुटुंबांनी येत्या गणेशोत्सवात आपल्या घरची प्रत्येक आरती फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावी, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या आरंभी ही चाल कोणत्या गावची, कोणाकडून शिकली आणि वर्ष कोणते, एवढ्या तीन गोष्टी मोठ्याने सांगाव्यात.